पार्टी दादांची, फोटो माझा, मग नाव कोणाचं?

पत्र

ताई नमस्कार. मी आर्णी तालुक्यातल्या एका खेड्यातली, वय २३, बीए झालं आहे. तालुक्याच्या गावी एका दादांचा फोटो स्टुडिओ आहे, त्यांच्यासोबत दोन वर्षांपासून लग्नात सेकंड फोटोग्राफर म्हणून जाते. कॅमेरा माझा स्वतःचा, सेकंड हॅण्ड, आईनं बचत गटातून कर्ज काढून घेऊन दिला. यंदा उन्हाळ्यात ९ दिवस काम केलं, दिवसाचे १५०० ठरले होते, आतापर्यंत ४००० मिळाले. बाकीचे विचारले की दादा म्हणतात पार्टीनंच, म्हणजे लग्नघरानंच, दिले नाही. सोबतच्या पोट्ट्यांना मात्र २००० देतात. मी काढलेला नवरीच्या आजीचा एक फोटो लय चालला, पण स्टुडिओच्या नावानं. तोच मी माझ्या इन्स्टावर टाकला तर दादांनी फोन करून काढायला लावला. आता त्याच नवरीची आई म्हणते की लहानीचं लग्न तुळशीच्या लग्नानंतर आहे, तूच ये, त्यांना नको सांगू. घरी आई म्हणते रात्री-बेरात्री जाणं बंद कर. मी काय करू?

उत्तर

पोरी, आधी पैशाचं बोलू, बाकी सगळं त्याच्या मागून, कारण हप्ता तुझ्या आईच्या नावावर आहे आणि गटातल्या बाया दर महिन्याला तिच्याकडेच बघतात.

दादा म्हणतात पार्टीनं दिले नाही. हे खोटंच असेल असं मी म्हणणार नाही. माझ्या जाऊबाईंच्या माहेरी स्टुडिओ आहे, त्यामुळे हा धंदा मी जवळून बघितला आहे. आपल्याकडे पार्टी तारीख धरताना थोडा ॲडव्हान्स देते, थोडे लग्नाच्या दिवशी आणि राहिलेले अल्बम हातात आल्यावर, आणि अल्बम तरी कधी, तर नवरीचा मामा फोटो सिलेक्ट करून देईल तेव्हा, आणि शेतकऱ्याचं घर असेल तर कापूस-सोयाबीन विकल्यावर पाहू म्हणतात. म्हणजे दादांचे पैसे खरंच अडकले असू शकतात. पण त्यांचा आणि पार्टीचा हिशोब वेगळा आणि त्यांचा-तुझा वेगळा. तू उभी राहिलीस, शूट केलंस, मेमरी कार्ड त्यांच्या हातात दिलंस, तुझं काम त्या दिवशी संपलं. अल्बम कधी छापायचा, पार्टी किती दिवस फिरवते, यातलं काहीच तुझ्या हातात नाही, मग त्याची वाट तू का बघायची? मंडपवाला थांबतो का, जनरेटरवाला थांबतो का? ते पैसे घेतल्याशिवाय सामान गाडीत भरत नाहीत. तू घरातली म्हणून थांबतेस, आणि दादा म्हणायची सवय लागली की पैसे मागताना जीभ उचलत नाही, हे मला कळतं. तरी मागायचेच.

फोनवर नको मागू, फोनवर "हो हो देतो" म्हणून विषय संपतो. व्हॉट्सॲपवर लिही, साध्या भाषेत, न चिडता. असं काहीतरी: "दादा नमस्कार, उन्हाळ्याच्या सीझनचे माझे ९ दिवस झाले, १५०० प्रमाणे १३५०० होतात, ४००० मिळाले, ९५०० बाकी आहेत. तारखा आणि गावं खाली लिहिली आहेत, काही चुकलं असेल तर सांगा. गटाचा हप्ता थकला आहे म्हणून या महिन्यात ५००० आणि पुढच्या महिन्यात बाकीचे द्याल का?" खाली नऊच्या नऊ तारखा, गाव, हळद होती की लग्न, सगळं लिही. दादा नुसतं "ठीक आहे" म्हणाले तरी तो हिशोब त्यांनी मान्य केल्याचा कागद झाला. केलेल्या कामाचे पैसे वसूल करायला कायद्यानं तीन वर्षं मुदत असते, तेव्हा घाबरून जायची गरज नाही, पण म्हणून बसूनही राहू नको.

अजून एक काम या पावसाळ्यातच कर, आता चातुर्मासात तसंही लग्नं नाहीत. आधार आणि पॅन घेऊन उद्यम नोंदणी करून टाक. सरकारी पोर्टलवर ती फुकट होते, कोणी एजंट पैसे मागत असेल तर देऊ नको. तुझं एकटीचं काम असलं तरी सूक्ष्म उद्योग म्हणून नोंद होते, आणि नोंदणीनंतर केलेल्या कामाला छोट्या उद्योगांसाठीचा २००६ चा एमएसएमई कायदा लागतो, त्यात ४५ दिवसांच्या वर पैसे लांबवता येत नाहीत, लांबवले तर व्याज लागतं. याचा अर्थ उद्याच दादांवर तक्रार ठोक असा नाही गं. पण पुढच्या सीझनचं बोलताना "दादा, ४५ दिवसांच्या आत द्यायचे" हे म्हणायला तुझ्याकडे आधार राहील.

आता १५०० आणि २००० चं. ते पोट्टे लाइट उचलतात, ट्रायपॉड वाहतात, वरातीत डीजेसमोर घुसतात म्हणून त्यांना जास्त, असं काहीतरी कारण सांगत असतील. मग तू काय करतेस ते तू सांग. नवरी तयार होते त्या खोलीत दादाही जाऊ शकत नाहीत आणि पोट्टेही नाही, तिथले सगळे फोटो तुझे. हळदीला बायकांच्या घोळक्यात तू. लग्न लागलं की दादा स्टेजवर अडकतात, आहेर द्यायला माणसांची लाइन लागते, एकेक घर वर चढतं, फोटो, उतर, पुढचे या, दोन-दोन तास तेच चालतं, आणि तेवढ्या वेळात रुखवत, पंगतीत वाढणारा काका, कोपऱ्यात एकटा डोळे पुसणारा बाप, चिंचेखाली झोपलेली लेकरं, हे सगळं कोण टिपतं? आजीचा फोटो त्याच वेळी निघाला ना? पार्टी दहा वर्षांनी अल्बम उघडते तेव्हा स्टेजवरची रांग भराभर पलटते आणि बोट थांबतं ते अशा फोटोवर, कारण तोवर त्यातली म्हातारी माणसं राहिलेली नसतात. मला मनापासून वाटतं की तुझं काम दादांच्या कामाच्या खालचं नाही, त्याच्या शेजारचं आहे. तेव्हा तुळशीच्या लग्नाच्या आधी, तारखा धरायला सुरुवात होते तेव्हाच, २००० सांगायचे. मागच्या ९ दिवसांचे मात्र १५०० नंच घे, ते तू कबूल केले होतेस.

फोटोच्या नावाचं जरा कडू बोलते, राग मानू नको.

तो फोटो तू इन्स्टावरून काढलास ते बरं केलंस. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात असं आहे की कोणी पैसे देऊन फोटो काढून घेतला आणि वेगळं काही ठरलेलं नसलं, तर त्या फोटोचा पहिला मालक पैसे देणारा. तू दादांच्या कामावर गेलीस, त्यांच्या पैशानं, त्यांनी आणलेल्या पार्टीत, आणि तुमच्यात फोटोबद्दल एक शब्दही ठरला नव्हता. म्हणून फोटो कुठे लावायचा हे तुला एकटीला ठरवता येत नाही. पण त्याच कायद्याच्या ५७ व्या कलमानं, फोटो ज्यानं काढला त्याला "हा मी काढला" असं सांगायचा हक्क राहतोच, मालक दुसरा कोणी झाला तरी. म्हणजे दादांनी फोटो स्टुडिओच्या पेजवर टाकला हे ठीक, पण खाली तुझं नाव नाही हे ठीक नाही, आणि ते तू मागू शकतेस, मागायलाच पाहिजे.

होमाई व्यारावाला माहीत आहे का तुला? १९१३ चा जन्म, भारतातली पहिली बाई प्रेस फोटोग्राफर, २०११ मध्ये पद्मविभूषण मिळालं. त्यांचे सुरुवातीचे फोटो नवऱ्याच्या नावानं छापून यायचे, कारण बाईचं नाव कोणाला ओळखीचं नव्हतं. नंतर त्यांनी "डालडा १३" या टोपणनावानं काम केलं आणि स्वातंत्र्याच्या काळातले कितीतरी फोटो आपण त्यांच्याच डोळ्यांनी बघतो. हे यासाठी सांगते की नावाचं हे दुखणं तुझं एकटीचं नाही, आणि तुला ते लागलं यात हावरटपणा काहीच नाही.

दादांना विचारायचं ते नेमकं विचार: स्टुडिओच्या पेजवर माझा फोटो टाकाल तेव्हा मला टॅग करा, आणि प्रत्येक लग्नातले, अल्बम दिल्यानंतर, दहा-पंधरा फोटो मला पोर्टफोलिओला वापरू द्या, मी खाली स्टुडिओचं नाव लिहीन. कुठल्याही शहाण्या माणसाला यात हरकत नसावी, त्यांचंच नाव वाढतं. फक्त नवरीच्या खोलीतले आणि हळदीतले फोटो तिला विचारल्याशिवाय कुठेच टाकू नको, दादांनी परवानगी दिली असली तरी. त्या पोरींनी तुला आत घेतलं ते तू बाई आहेस म्हणून, त्या भरवशावर.

आता लहानीचं लग्न. "त्यांना नको सांगू" म्हणणारी पार्टी मला आवडली नाही, खरं सांगते. त्यांना तुझं काम आवडलं असेलच, पण तू स्वस्त पडशील हाही हिशोब त्यात असणार. आणि आर्णी-दिग्रस-दारव्हा पट्ट्यात मंडपवाला, बँडवाला, लॉनवाला, ब्युटीपार्लरवाली, सगळे एकमेकांना ओळखतात. तू चोरून गेलीस तर लग्नाच्या दिवशी दुपारपर्यंत दादांना फोन गेलेला असेल, मग तुझे ९५०० विसर आणि "पोट्टी पार्टी फोडते" हे नाव लागलं की बाकीचे स्टुडिओही बोलावणार नाहीत. सेकंड म्हणून गेलेल्या कामात पार्टी ज्यानं आणली त्याची, हा या धंद्यातला अलिखित नियम आहे आणि उद्या तू एखाद्या पोरीला सेकंड म्हणून नेशील तेव्हा तुलाही तोच पाहिजे असेल.

म्हणून तूच आधी सांग, समोर बसून: "दादा, त्यांनी मला विचारलं, मी तुम्हाला सांगितल्याशिवाय हो म्हणणार नाही." मग दोन रस्ते निघतात. एक, ऑर्डर दादांच्या नावानं, पण नवरीकडची बाजू पूर्ण तुझी, रेट तुझा वेगळा, नाव तुझं. दुसरा, दादा म्हणतील तू घे. तो दुसरा रस्ता निघाला तरी पूर्ण लग्न एकटीनं घेऊ नको, हे मी हात जोडून सांगते. तुझ्याकडे कॅमेऱ्याची एकच बॉडी, तीही जुनी. मे महिन्यातल्या ४५ डिग्रीच्या उन्हात नसलं तरी कॅमेरा कधीही बंद पडतो, कार्ड करप्ट होतं, आणि अंतरपाट पुन्हा धरता येत नाही. तुझ्या कॅमेऱ्याला कार्डचा एकच स्लॉट असेल तर एका कार्डवर दिवस काढणं म्हणजे सगळं एकाच पिशवीत ठेवणं. त्यांचं साक्षगंध घे, हळद घे, लग्नाला दुसरा माणूस आणि भाड्याची दुसरी बॉडी मिळाली तरच घे. कार्ड मध्येच बदलत जा, आणि डेटा दोन जागी कॉपी झाल्याशिवाय फॉरमॅट नको. घरापासून घराचा हा व्यवहार असला तरी तारीख, वेळ, किती फोटो, किती पैसे, इसार किती, हे वहीत लिहून त्यांची सही घे.

राहिली तुझी माय. तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. आपल्याकडे मुहूर्त संध्याकाळचा असतो आणि वरात दारू पिऊन नाचत नाचत नऊला मंडपात येते, लग्न लागून जेवणं होईपर्यंत बारा वाजतात, शेवटची एसटी केव्हाच गेलेली असते. पण काम बंद करणं हा त्यावरचा उपाय नाही. दादांशी बोलताना पैशासोबत हेही ठरव की वरातीत डीजेसमोर पोट्टे जातील, तू नवरीकडे थांबशील, आणि रात्री घरापर्यंत सोडायची जबाबदारी स्टुडिओची, नाहीतर नवरीकडच्या बायांसोबत मुक्कामाची सोय. निघायच्या आधी गाव, लॉनचं नाव, नवरीकडच्या एका बाईचा नंबर आणि सोडणाऱ्या गाडीचा नंबर आईच्या मोबाइलवर. अडचण आली तर ११२. आणि एकदा आईला सोबत घेऊन जा एखाद्या जवळच्या गावच्या हळदीला, नुसतं बसू दे तिला बायांमध्ये, ती बघेल तू काय करतेस ते.

दादांनी तुझा मेसेज वाचून पंधरा दिवस काहीच उत्तर दिलं नाही, तर पुढच्या सीझनच्या तारखा त्यांना देऊ नको. यवतमाळ, पुसद, दिग्रसला स्टुडिओ आहेत आणि नवरीच्या खोलीत जाणारी फोटोग्राफर पोरगी त्यांनाही पाहिजेच आहे. तिथं विचारायला जाताना आजीचा तो फोटो मोबाइलमध्ये घेऊन जा, "मी सेकंड म्हणून काढलेला, स्टुडिओ अमुक" असं स्पष्ट सांगून दाखव, आणि रेट पहिल्याच बोलण्यात सांग.