लॉन कापायला इस्त्रीचा शर्ट

प्रिय मावशी,
मी सांगलीची. लग्नाला बारा वर्षं झाली, डॅलसजवळ प्लेनोला राहते. नवरा मेक्सिकन कुटुंबातला, जन्म-शिक्षण सगळं टेक्सासचं. माणूस चांगला आहे, पण कशाचंच गांभीर्य नाही. आई-बाबा राहायला आलेत, तर हा आईच्या पोळीला टॉर्टिया म्हणून तिला चिडवतो. फ्रिजमधला आइस्क्रीमचा डबा मुलं उघडतात, आत उकडलेले बीन्स निघतात, की हा पोट धरून हसतो. मध्यंतरी समोर नवीन राहायला आलेल्या बाईंनी त्याला विचारलं, लॉन कापायचे किती घेता? हा म्हणाला, ‘पैसे नाही घेत, या घरातली बाई मला शेजारी झोपू देते.’ बाबा तिथेच खुर्ची टाकून बसलेले! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वर तोच किस्सा चारचौघांत सांगत सुटलाय. हल्ली तर लॉनसुद्धा इस्त्रीचा शर्ट घालून कापतो, काय बोलणार! सासरे जन्मभर लोकांची लॉन कापायचे, घरात शिस्त अशी नव्हतीच. आता दहा वर्षांचा मुलगाही बापाच्या वळणावर चाललाय. याला थोडं गंभीर कसं करू?
— वैतागलेली

अगं वैतागलेल्या बाई,

टॉर्टियाचं गाऱ्हाणं माझ्याकडे आणू नकोस. जावई चिडवतो आणि तरी तुझी आई त्याला पोळ्या करून घालते, म्हणजे त्या दोघांचं छान जमलंय. आणि आइस्क्रीमच्या डब्यात बीन्स निघाले म्हणून तक्रार? तीही सांगलीच्या मुलीने? आपल्याकडे डॅनिश बिस्किटांच्या निळ्या डब्यात कधी बिस्किटं मिळालीत का कुणाला? सुया, दोरे, तुटकी बटणं. मेक्सिकन आज्यांच्या घरीही त्याच निळ्या डब्यात हेच असतं. यावर हसणारा नवरा मिळाला तर बायका देवाला नारळ देतात.

मी थांबले ती इस्त्रीच्या शर्टापाशी. तू एका ओळीत उरकून पुढे गेलीस.

टेक्सासचा उन्हाळा. पारा ३८ अंशांच्या वर. अशा उन्हात लॉन कापायला माणूस विटका टी-शर्ट आणि हाफ पँट चढवतो, आणि तुझा नवराही आजवर तेच घालत असणार, नाहीतर तुला आत्ताच हे खटकलं नसतं. मग हा शर्ट कधी सुरू झाला? समोरच्या बाई विचारून गेल्या, त्याच्या आधी की नंतर? मला उत्तर कळवू नकोस, मला माहीत आहे. आपल्याच अंगणात, आपल्याच घराचा मालक दिसावं म्हणून हा माणूस शनिवारी सकाळी कॉलरची बटणं लावून घाम गाळतोय. आणि तुला वाटतं त्याला गांभीर्य नाही.

तो विनोदही त्याच्या डोक्यातून आलेला नाही. ली ट्रेविनो या गोल्फ खेळाडूचं नाव तुझ्या नवऱ्याला विचार. १९३९ साली डॅलसमध्येच जन्मला, गरीब मेक्सिकन-अमेरिकन घरातला, कॅडी म्हणून गोल्फ खेळणाऱ्यांच्या पिशव्या वाहत मोठा झाला आणि १९६८ आणि १९७१ साली गोल्फची यूएस ओपन जिंकला. १९७१ला बरोबरी झाल्यावरच्या निर्णायक फेरीत जॅक निकलससारख्या खेळाडूसमोर याने पिशवीतून रबरी साप काढला. असा गमत्या. अंगणात लॉन कापताना एका बाईने दर विचारला आणि आपण काय उत्तर दिलं, हा तुझ्या नवऱ्याचा किस्सा मूळचा त्याचाच, तो वर्षानुवर्षं सांगत आलाय. पण हाच ट्रेविनो मास्टर्स ही मोठी गोल्फ स्पर्धा खेळायला ऑगस्टाच्या क्लबवर जायचा तेव्हा क्लबहाउसमध्ये पाऊल टाकायचा नाही. बूट गाडीच्या डिकीत ठेवायचा आणि पार्किंगमध्येच बदलायचा. आपण खेळाडू नसतो तर या लोकांनी आपल्याला फार तर स्वयंपाकघराच्या दारातून आत घेतलं असतं, हे तो ओळखून होता. लोकांना हसवणाऱ्यांची डिकी जरा उघडून बघावी.

आता सासऱ्यांचं. जन्मभर लोकांची लॉन कापली म्हणून घरात शिस्त नव्हती, हे तुला कुणी सांगितलं? टेक्सासच्या उन्हात हे काम करणारा माणूस उजाडायच्या आत घराबाहेर पडतो, बाई. त्या प्रश्नात तुझा नवरा कसा अडकला असेल ते बघ. ‘मी काय माळी वाटलो?’ म्हणून रागावला असता, तर ज्या कामाने त्याला वाढवलं त्या बापाच्या कामाला कमी लेखल्यासारखं झालं असतं. गप्प बसला असता, तर दहा वर्षांच्या मुलाने बाप खाली मान घालताना पाहिला असता. दोन सेकंदांत त्याने बापाची लाज राखली, स्वतःची राखली आणि त्या बाईंनाही फार ओशाळू दिलं नाही. एवढं गंभीर काम तुझ्या घरात दुसऱ्या कुणी केलेलं तुझ्या पत्रात तरी मला दिसलं नाही. आणि तू मेल्याहून मेल्यासारखी झालीस ती कशाने, तर विनोदाने. त्या प्रश्नाचं तुला काहीच वाटलं नाही.

मुलगा याच वळणावर जातोय तर जाऊ दे. बापाचा रंग घेतला असेल, तर त्यालाही उद्या कुणीतरी काहीतरी विचारणारच आहे.

तेव्हा येत्या शनिवारी लॉन तू काप. समजावणं, जवळ बसवून बोलणं, यातलं काही करू नकोस. तो लगेच एखादा विनोद करून सटकेल आणि तू परत मला पत्र लिहिशील. सकाळी त्याचा विटका टी-शर्ट काढून त्याच्या हातात दे, त्याला तुझ्या बाबांशेजारच्या खुर्चीवर बसव, मुलाला कापलेलं गवत गोळा करायला लाव आणि तू खुशाल गाऊनवर बाहेर ये. समोरच्या बाई दिसल्या तर हाक मारून बोलाव. दराचा विषय निघालाच तर या वेळी उत्तर तू दे, आणि ते त्याच्यापेक्षा चावट असलं तर मला आनंदच होईल. बाबांना झेपणार नसेल तर तेवढ्यापुरतं त्यांना फ्रिस्कोच्या मारुतीला पाठव.

पायात बूट घाल मात्र. मोवर चालवताना सपाता नकोत.

— मावशी