कम्युनिटी कॉलेजचे दोन-तीन कॅम्पस असतील तर पुढच्या १०-१५ वर्षांच्या इमारती कशा ठरवतात?

इमारत शेवटी येते हो, आधी कोर्स ठरतात. आमच्याकडचं, म्हणजे कॅलिफोर्नियातलं फूटहिल-डी अँझा घ्या, लॉस अल्टोस हिल्स आणि कूपर्टिनो असे दोन मोठे कॅम्पस, शिवाय सनीवेलला छोटं सेंटर, पण डिस्ट्रिक्ट, म्हणजे हे सगळं चालवणारी संस्था, एकच. आधी एज्युकेशनल मास्टर प्लॅन, म्हणजे पुढे काय शिकवायचं त्याचा आराखडा, मग त्यावरून फॅसिलिटीजचा, म्हणजे इमारतींचा.

खरी गंमत आकडेमोडीत आहे. मुलं आठवड्याला किती तास वर्गात बसतात आणि असलेल्या खोल्यांत किती तास मावतात हे ताडून बघतात, लेक्चर वेगळं, लॅब वेगळी. खोल्या आधीच जास्त दिसल्या की सरकारकडून नव्या बिल्डिंगला पैसे मिळणं अवघड, मग भले मंगळवारी सकाळी १० ला गर्दीमुळे पार्किंगमध्ये घिरट्या घालाव्या लागोत, कारण शुक्रवारी दुपारी तेच वर्ग ओस पडलेले असतात ना! ऑनलाइन क्लासमुळे तर हे गणित अजूनच बिघडलंय.

पैसा मुख्यतः बाँडचा, म्हणजे मतदारांच्या मंजुरीने डिस्ट्रिक्टने काढलेल्या कर्जाचा. प्रॉप ३९ या कॅलिफोर्नियात २००० मध्ये लोकमताने मंजूर झालेल्या कायद्यामुळे त्याला ५५% मतं पुरतात, पण तो पैसा पगारावर खर्च करता येत नाही. इथे २०२० मध्ये ८९.८ कोटी डॉलरचा बाँड पास झाला. भांडण होतं ते कुठल्या कॅम्पसला किती यावर, त्यामुळे वाटणीचा निकष आधीच लिहून घ्या.