नवरात्रात आई-बाबांना घेऊन कोल्हापूरला येतोय. कुठे राहावं, काय बघावं आणि देणगी कुठे द्यावी?

आईंचे गुडघे दुखतात, बाबांची पंचाहत्तरी आहे, त्यानिमित्त एखाद्या संस्थेला काही द्यायचं मनात आहे आणि हातात चार दिवस आहेत, असं तुम्ही लिहिलंय. मग लॉज शोधायला आत्ताच बसू नका. नवरात्रातली कुठली संध्याकाळ गाठायची ते आधी ठरवा, खोली त्यावरून ठरेल. या नऊ दिवसांत कोल्हापुरात अंतर किलोमीटरमध्ये मोजून उपयोग नसतो. कुठला रस्ता किती वाजता बंद होतो, रिक्षा कुठपर्यंत सोडतात, यावर सगळं असतं.

देवळात तर रोजच काही ना काही असतं. अंबाबाईची रोज वेगळ्या रूपात पूजा बांधतात आणि रात्री साडेनऊच्या सुमारास आवारात पालखी निघते. पण गाव खऱ्या अर्थाने रस्त्यावर येतं ते ललितापंचमी, अष्टमी आणि दसरा या तीन दिवशी.

पंचमीला देवी टेंबलाईच्या टेकडीवर त्र्यंबोलीच्या भेटीला जाते. कोल्हासुराच्या वधानंतर विजयाच्या सोहळ्याला बोलावणं राहून गेलं म्हणून सखी रुसली, तिची समजूत काढायला अंबाबाई स्वतः गेली, अशी ती कथा. तिथे कुमारिकेच्या हातून कोहळा फोडला जातो आणि त्याचा तुकडा मिळवायला अशी झुंबड उडते की धडधाकट माणूसही हेलपाटतो. आईंना त्या दिवशी टेकडीवर नेऊच नका.

माझं मत विचाराल तर अष्टमीची रात्र धरा. त्या रात्री देवी सजवलेल्या वाहनातून नगरप्रदक्षिणेला बाहेर पडते. महाद्वार, गुजरी, भवानी मंडप या भागात रस्ताभर रांगोळ्या पडलेल्या असतात. एरवी देवीपुढे तासन्‌तास रांगेत उभं राहायचं, त्या रात्री ती आपल्यासमोर येते. गुडघ्याचा त्रास असलेल्या माणसाला याहून सोयीचं दर्शन नाही. गुजरीत सराफी दुकानांच्या पायऱ्या आहेत. जरा लवकर जाऊन आईंना तिथे टेकवा आणि ‘काकी, जरा सरकता का?’ एवढं विचारा, जागा होते. सोबत घडीचं स्टूल असलं तर आणखी बरं.

दसऱ्याला दसरा चौकात सूर्यास्ताच्या वेळी छत्रपती घराण्याच्या हस्ते शमीपूजन होतं. आपट्याच्या पानांचा लकडकोट उभारलेला असतो आणि पूजा झाली की सोनं लुटायला लोक तुटून पडतात. सोहळा देखणा आहे, पण भर मैदानात दोन-तीन तास ताटकळावं लागतं. बाबांची तयारी असेल तर त्यांना घेऊन जा, आईंनी खोलीवर आराम केलेला बरा.

आता राहण्याचं. लोकांचे साधारण दोन कल असतात: देवळाला चिकटून, नाहीतर स्टँड-स्टेशनच्या बाजूला. महाद्वार रोड, ताराबाई रोड या भागात यात्री निवास, छोटे लॉज आणि घरगुती खोल्या भरपूर आहेत. खिडकीतून घंटा ऐकू येते, पहाटे उठून चालत देवळात जाता येतं. पण यातली बरीच घरं जुनी आहेत. जिना अरुंद, उभा, कठड्याला दोर बांधलेला. बुकिंग करताना ‘लिफ्ट आहे का’ एवढ्यावर थांबू नका. ‘रस्त्यावरून खोलीच्या दारापर्यंत एकूण किती पायऱ्या?’ असं विचारा, कारण लिफ्टपर्यंत पोहोचायलाच सहा पायऱ्या चढायला लावणारी ठिकाणं आहेत. संडास भारतीय की कमोड, गरम पाणी किती ते किती, हेही फोनवरच विचारून घ्या.

शाहूपुरी, स्टेशन रोड, ताराबाई पार्क इथे लिफ्टची आणि पार्किंगची हॉटेलं मिळतात, जेवणाचीही आबाळ होत नाही. फक्त संध्याकाळी देवळाकडे जाताना रिक्षा अलीकडेच कुठेतरी सोडते आणि पुढे गर्दीतून चालावं लागतं. म्हणून तुमच्यासाठी मधला पट्टा चांगला: बिंदू चौक, आझाद चौक, लक्ष्मीपुरी. देऊळ चालत गाठता येतं आणि सामान घेऊन रिक्षा बहुतेक वेळा दारापर्यंत येते. लक्ष्मीपुरीत रविवारी बाजार भरतो, त्या दिवशी सकाळी पोहोचणार असाल तर थोडा वळसा पडेल. बिंदू चौकात फुले आणि आंबेडकरांचे पुतळे आहेत. बाबासाहेब हयात असताना, १९५० साली बसवलेले. बाबांना आवर्जून दाखवा.

नेटवर सापडलेल्या कुठल्याही ‘भक्त निवास’च्या नंबरवर यूपीआयने आगाऊ पैसे पाठवू नका. मोठ्या देवस्थानांच्या नावाने खोट्या वेबसाइट सर्रास निघतात. आधी फोनवर बोला, देवळापासूनच्या खाणाखुणा विचारा. खरा माणूस गल्ली, कोपरा, शेजारचं दुकान पटापट सांगतो.

दर्शनाला मुखदर्शनाची रांग वेगळी असते आणि ती भराभर पुढे सरकते. गाभाऱ्याजवळच जायचं असा हट्ट नसेल तर आईंना तीच बरी. आणखी एक. ‘किरणोत्सव बघून या’ असं कुणीतरी सांगेलच. मावळतीची किरणं देवीच्या पायांपासून वर चढत जातात तो सोहळा ९ ते ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी या दिवसांत असतो. नवरात्रात त्याची वाट बघू नका.

देणगीबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण तुमच्या प्रश्नातला हा भाग मला सगळ्यात आवडला. अन्नदानच करायचं असेल तर देवळाजवळ अन्नछत्र आहे, पावती फाडून मोकळं होता येतं. त्यात वाईट काही नाही. पण नवरात्र-दिवाळीत अन्नाकडे ओघ आपोआप असतो. वाढदिवस साजरा करायला येणारेही याच दिवसांत जास्त. अनाथाश्रमातल्या पोराला एका दुपारी तिसऱ्यांदा केक भरवला जातो आणि फोटोसाठी त्याने हसायचं असतं. ते तेवढं टाळा.

कोल्हापुरात कामाची परंपरा जुनी आहे. शाहू महाराजांनी १९०१ पासून इथे निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठी बोर्डिंगं उभी केली. दसरा चौकाच्या आसपास त्यांतली काही आजही दिसतात. बाहेरगावच्या पोराला राहायला जागा आणि दोन वेळचं जेवण मिळालं तर तो शिकतो, एवढा साधा हिशेब होता. आजच्या संस्थांपैकी हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड ही नसीमा हुरजूक यांनी १९८४ मध्ये सुरू केली. अपंगांचं शिक्षण आणि पुनर्वसन हे तिचं काम, आणि उचगावला मुलांचं वसतिगृह आहे. ‘अवनि’ ही संस्था अनुराधा भोसले चालवतात. वीटभट्टीवरच्या, स्थलांतरित मजुरांच्या मुलांना शाळेत आणण्याचं काम ती करते. मतिमंद मुलांसाठी चेतना विकास मंदिर आहे, निराधार मुलांसाठी बालकल्याण संकुल आहे.

मी तुमच्या जागी असतो तर अवनिसारख्या कामाला दिले असते, आणि तेही दिवाळीनंतर. वीटभट्ट्या आणि ऊसतोड तेव्हा सुरू होते, मजुरांची कुटुंबं तेव्हा येतात आणि खर्चही तेव्हाच वाढतो. नवरात्रात या संस्थांना नुसतं भेटून या. आधी फोन करून वेळ घ्या, बाबांना सोबत न्या, ‘सध्या काय कमी पडतंय?’ असं विचारा. उत्तर बहुधा लाडू हे नसतं. गाडीचं डिझेल, शिक्षिकेचा पगार, औषधं, गळणारं छप्पर असलं काहीतरी असतं. कागदपत्रांपुरतं सांगायचं तर देणगीवर प्राप्तिकरात मिळणारी ८०जी ची सवलत हवी असेल तर रोख २,००० रुपयांच्या वर देऊ नका, चेक किंवा ऑनलाइन द्या आणि पावतीवर पॅन घाला. बाबा नव्या करप्रणालीत असतील तर ही सवलत मिळत नाही, तेव्हा त्यासाठी धावपळ नको.

राहिलेल्या वेळात नाटक बघायचं मनात असेल तर केशवराव भोसले नाट्यगृह ऑगस्ट २०२४ मध्ये आगीत जळालं. तिथे प्रयोग गृहीत धरू नका, आधी चौकशी करा. शेजारच्या खासबाग या कुस्त्यांच्या मैदानाकडे मात्र बाबांना एक चक्कर मारून आणा. फुटबॉलचे सामने थंडी पडल्यावर सुरू होतात, ते या वेळी चुकणारच. गंगावेशीत दूध कट्ट्यावर म्हैस समोर पिळून फेसाळता ग्लास हातात देतात. पोटाला सवय नसेल तर अर्धाच प्या.

कुठल्या तारखांना येताय आणि गाडी स्वतःची आहे की रेल्वेने येताय, तेवढं प्रतिक्रियेत कळवा. गाडी असेल तर पार्किंगचं वेगळं सांगावं लागेल.