सॅकमध्ये बायनाक्युलर : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मुलगी आठवीत आहे, तिला तारे बघायचं वेड लागलंय. ७० मिमीची, '५२५ पट मोठं दाखवणारी' दुर्बीण स्वस्तात मिळतेय. घ्यावी का? सुट्टीत आम्ही डोंगरात मुक्कामालाही जातो. (शहापूर, बेळगाव)

उत्तर : घेऊ नका. भिंगाचा व्यास जितके मिलिमीटर, फार तर त्याच्या दुप्पट पटीपर्यंतच दुर्बीण कामाची असते. म्हणजे इथे १४०. त्यापुढे चित्र मोठं होतं, पण पुसट; आणि अशा दुर्बिणीसोबत येणाऱ्या काटकुळ्या तिवईवर वाऱ्याच्या झुळकेनंही ते नाचतं. त्याऐवजी १० बाय ५० चं बायनाक्युलर घ्या : दहा पट, ५० मिमीची भिंगं, वजन किलोच्या आतबाहेर. झूमवालं नको, लालभडक काचांचंही नको.

दुकानातच दोन गोष्टी बघा. हात लांब करून बायनाक्युलर उजेडाकडे धरा. डोळ्याकडच्या काचेत दिसणारं उजेडाचं वर्तुळ पूर्ण गोल हवं. कडा चौकोनी कापल्यासारख्या दिसल्या तर आतले लोलक (प्रिझम) हलक्या प्रतीच्या काचेचे आहेत. मग लांबच्या विजेच्या खांबावर नजर लावा. एकाचे दोन खांब दिसले किंवा डोळ्यांना ताण आला, तर दोन नळ्या समांतर नाहीत. तो नग परत द्या, घरी दुरुस्त होत नाही.

मुलीला आधी दक्षिण दाखवा. बेळगाव जवळपास १६ अंश अक्षांशावर आहे, त्यामुळे ध्रुवतारा इथे जेमतेम १६ अंश वर असतो, पण तेवढंच दक्षिणेचं आकाश जास्त मिळतं. फेब्रुवारीच्या सुरुवातीला रात्री दहाच्या सुमारास अगस्त्य हा ठळक तारा दक्षिणेला २१ अंशांवर येतो. हात ताठ धरला की एक मूठ म्हणजे १० अंश, म्हणून क्षितिजापासून दोन मुठी मोजा. नरतुरंग या तारकासमूहातला ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ पावणेतीन मुठींवर येतो, मेच्या मध्याला रात्री साडेदहाला. मेमध्ये वळवाचे ढग आडवे येतात. मार्चच्या सुरुवातीला पहाटे साडेतीनला तोच गुच्छ स्वच्छ आकाशात मिळतो, कापसाच्या पुंजक्यासारखा. शहराच्या उजेडाकडे पाठ हवी, म्हणून येळ्ळूर किंवा जांबोटीच्या बाजूला जा. उत्तरेला गेलात तर तोच उजेड समोर येईल. मॅटवर उताणं पडून कोपरं जमिनीला टेकवा, हात हलणार नाही.

प्रश्न : डिसेंबरात जांबोटीजवळ रात्री नऊलाच काचा धुरकटल्या. रुमालानं पुसल्या, पुन्हा तेच. शिवाय पावसाळ्यानंतर काचेच्या आत कोळिष्टकासारखे धागे दिसताहेत. (खानापूर)

उत्तर : दोन्हींचं मूळ ओल, आणि घाटमाथ्यावर हीच खरी अडचण. उघड्या आकाशाकडे तोंड केलेली काच आपली उष्णता वर सोडते, भोवतीच्या हवेपेक्षा गार होते आणि तिच्यावर दव धरतं. पुसू नका : ओल्या धुळीनं काचेवरचा लेप खरवडतो. काचेपुढे नळी लावली की काचेला आकाश कमी दिसतं आणि ती उशिरा गार होते. नळीची लांबी व्यासाच्या दीडपट, म्हणजे ५० मिमीला ७५ मिमी. जुन्या फोमच्या मॅटमधून २१ बाय ११ सेंमीच्या दोन पट्ट्या कापा, आतून बिनचमकीचा काळा कागद चिकटवा, बायनाक्युलरच्या नळीवर ३ सेंमी चढवून रबरबँड लावा. ती नळी जाड असेल तर आधी दोरीनं घेर मोजून घ्या. आणि मलप्रभेच्या काठाशी बसू नका. थंड जड हवा रात्री खाली उतरून तिथेच साचते. थोडं चढावर बसा. घरी येताना बायनाक्युलर बाहेर असतानाच प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधा आणि घरात तासाभरानं सोडा.

धागे म्हणजे बुरशी. आतली काच स्वतः उघडू नका, कारागिराकडे न्या. उशीर झाला तर ती लेप खाते आणि डाग कायमचा राहतो. पुढच्या पावसाळ्यात कातडी पेटीत ठेवू नका, तीच ओल धरते. घट्ट झाकणाच्या डब्यात ओल शोषणाऱ्या १०० ग्रॅम सिलिका जेलसोबत ठेवा. नारिंगी जेल हिरवं पडलं की जुन्या कढईत मंद आचेवर, रंग परत येईपर्यंत तापवा. निळं जेल मात्र घेऊ नका. त्यातलं कोबाल्ट विषारी असतं.

प्रश्न : ५८ किलो वजन, १४ किलोची सॅक, खांदे भरून येतात. (निपाणी)

उत्तर : ओझं अंगाच्या वजनाच्या पाचव्या हिश्शापर्यंत, म्हणजे साडेअकरा किलो. पट्ट्यांचा क्रमही बहुधा चुकतोय : आधी कमरेचा पट्टा कंबरेच्या हाडावर घट्ट, मग खांद्याचे, शेवटी छातीचा. पाणी आणि बायनाक्युलर पाठीला चिकटून मधोमध ठेवा, बायनाक्युलर स्वेटरमध्ये गुंडाळून. रेनकव्हर पाठीकडून उघडंच असतं, म्हणून आत जाड प्लास्टिकची पिशवी हवीच.

प्रश्न : कणकुंबीकडे रात्री जंगलात थांबता येतं का? बॅटरी कोणती न्यावी? (बेळगाव)

उत्तर : त्या बाजूच्या भीमगड अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीशिवाय शिरू नका. त्या रानात गवे आणि अस्वलं आहेत, अंधारात ती अचानक समोर येतात. गावकऱ्यांना विचारून वस्तीजवळच्या मोकळ्या शेतात बसा. डोळे अंधाराला पुरते सरावायला २० ते ३० मिनिटं लागतात, आणि मोबाईलचा एक झोत ते सगळं घालवतो. बॅटरीवर लाल जिलेटिन पेपरचे तीन थर रबरबँडनं लावा. हातातला नकाशा वाचता येईल इतकाच उजेड ठेवा.