ट्रायपॉडला हात कुणाचा लागला?

"मॅडम, खातोय, पितोय, कॉलेजला जातोय. पण फिल्मचा विषय काढला की ताटावरून उठतो. तीन आठवडे झाले, ती फाइल उघडलेली नाही. आणि लिहून द्यायची तारीख तर जवळ आली." आई हे माझ्या समुपदेशनाच्या खोलीच्या दारातच सांगत होत्या. सतरा वर्षांचा मुलगा त्यांच्या मागे बॅग पोटाशी धरून उभा होता. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

त्याचा विषय मीडिया स्टडीज. केंब्रिजच्या या अभ्यासक्रमात मुलांना पूर्ण चित्रपट करायचा नसतो. एका नव्या, कल्पित चित्रपटाची शीर्षकांसह दोन मिनिटांची सुरुवात तेवढी करायची असते. त्यानंतर आपल्याच कामाकडे मागे वळून पाहायचं असतं. त्याला 'क्रिएटिव्ह क्रिटिकल रिफ्लेक्शन' म्हणतात. त्यात चार प्रश्न असतात. त्या प्रकारच्या चित्रपटांचे संकेत कुठे पाळले आणि कुठे मोडले, प्रेक्षकाला कसं धरून ठेवलं, काम करताना कौशल्य कसं वाढत गेलं आणि तंत्रज्ञान कसं वापरलं. ह्याची गाडी तिसऱ्या प्रश्नावर अडली होती.

मुलांच्या तोंडून मला ही काळजी वेगवेगळ्या शब्दांत नेहमी ऐकू येते. काम फसलं आहे, आता त्याबद्दल स्वतःच लिहायचं म्हणजे आपल्या हातानं आपल्याविरुद्ध साक्ष द्यायची का? खरं लिहिलं तर मार्क जाणार, खोटं लिहिलं तर स्वतःचीच शिसारी येणार. मग मूल काहीच लिहीत नाही, आणि घरच्यांना तो आळस वाटतो.

आई बाहेर गेल्यावर त्यानं हळूहळू सांगायला सुरुवात केली. फँटसी ॲक्शन करायची हे त्याचं आठवीपासूनचं स्वप्न होतं. जंगलातून एक मुलगी पळते आहे, गळ्यात चमकणारा दगड, मागे मुखवटा घातलेला योद्धा. तो तिला गाठतो, दोघांच्या तलवारी भिडतात, तो पुन्हा तलवार उगारतो, वार खाली येणार तेवढ्यात ती नाहीशी होते. मग काळा पडदा आणि चित्रपटाचं नाव. मुलगी झाली होती त्याची वर्गातली मैत्रीण. योद्धा तो स्वतः. दिग्दर्शन, कॅमेरा आणि संकलनही त्याचंच.

"वर्गात दाखवली. ती गायब होते तिथे सगळे हसले."

"किती वेळ?"

"मॅडम, सगळे हसले."

मी त्याच्या मोबाइलवर फिल्म पाहिली. तो भिंतीकडे बघत बसला. पाहून झाल्यावर मी म्हणाले, "अरे, इतकं काही वाईट झालेलं नाही." त्यानं मान हलवली आणि पुढची वीस मिनिटं 'हो'-'नाही'च्या पलीकडे गेला नाही. चूक माझी होती. त्याची आईही तीन आठवडे हेच सांगत होती, 'छान झालंय रे.' समोरच्याला जे खुपतंय ते आपण बघितलंच नाही, असा त्या वाक्याचा अर्थ त्याच्यापर्यंत पोचत होता. पालकांना मी आवर्जून सांगते: मूल म्हणालं 'फसलं', तर आधी 'कुठे फसलं, दाखव' म्हणा. कौतुकाला नंतर जागा आहे.

दुसऱ्या भेटीत मी तेच म्हणाले. "ती जागा दाखव. आवाज बंद करून."

शून्य ते दहा या मापात आत्ता किती अस्वस्थ वाटतंय असं विचारलं. म्हणाला, नऊ. एकदा पाहिलं, तरी नऊ. दुसऱ्यांदा पाहिलं, आठ. तिसऱ्यांदा पाहताना तो पहिल्यांदा पुढे वाकला. मी म्हटलं, आता एकेक फ्रेम पुढे सरक आणि मला फक्त काय दिसतंय ते सांग. चांगलं की वाईट, ते सांगू नकोस. सेकंदाला चोवीस फ्रेम, म्हणजे दोन मिनिटांत २,८८० चित्रं. त्यातली आपण पाच पाहिली.

पहिल्या दोन फ्रेममध्ये मुलगी आहे, तिसरीत नाही. ही सिनेमातली फार जुनी युक्ती आहे. फ्रेंच दिग्दर्शक जॉर्ज मेलिएस एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ती वापरत होता. कॅमेरा जागचा हलवायचा नाही, माणसाला चौकटीबाहेर काढायचं आणि आधीचा व नंतरचा तुकडा जोडून टाकायचा. बाकी सगळं जसंच्या तसं राहिलं तरच माणूस हवेत विरल्यासारखा वाटतो. या फिल्ममध्ये तिसऱ्या फ्रेमला मागच्या झाडाचं खोड बोटभर डावीकडे सरकलं होतं. योद्ध्याची तलवार वीतभर खाली आली होती. आणि सगळं चित्र किंचित उजळ झालं होतं. म्हणजे मुलीबरोबर जंगलानंही उडी मारली होती.

"उजळ का झालं?" मी विचारलं. मला खरंच माहीत नव्हतं.

"एक्स्पोजर ऑटोवर होतं. मुलगी फिक्या कपड्यांत होती, ती गेल्यावर कॅमेऱ्यानं स्वतःच उजेडाचा हिशोब बदलला. लॉक करायला हवं होतं." एवढं बोलून तो थांबला. तीन आठवड्यांत या फिल्मबद्दल त्यानं उच्चारलेलं 'मी बेकार आहे' सोडून हे पहिलं वाक्य असावं.

"आणि खोड?"

"ट्रायपॉड हलला."

"कुणामुळे?"

इथे तो बराच वेळ गप्प होता. मी घाई केली नाही. मग एकेक करून बाहेर आलं. मुलगी चौकटीबाहेर गेली तेव्हा योद्धा तलवार उगारून तसाच उभा राहायला हवा होता. पण ह्याला आधीचा तुकडा नीट आलाय की नाही ते बघायचं होतं. म्हणून तो जागेवरून हलला, कॅमेऱ्यापाशी गेला, रेकॉर्डिंग थांबवलं, पाहिलं, पुन्हा सुरू केलं आणि परत जाऊन तलवार उगारली. मैत्रीण चौकटीबाहेर मोकळीच उभी होती. ती म्हणाली होती, "मी दाबते ना बटण." त्यानं उत्तर दिलं होतं, "नको, हात लावू नकोस, फ्रेम हलेल."

हे सांगताना त्याचे कान लाल झाले. हसण्याची गोष्ट सांगताना झाले नव्हते.

लाज आणि अपराधीपणा यांतला फरक हेलन ब्लॉक लुईस या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९७१ मध्ये मांडला, तो मला अशा वेळी नेहमी उपयोगी पडतो. अपराधीपणात लक्ष केलेल्या गोष्टीवर असतं: हे माझ्याकडून चुकलं. लाजेत लक्ष सगळ्या 'मी'वर जातं: मीच चुकीचा. लाज वाटली की माणूस लपतो, फाइल उघडत नाही. चूक दिसली की निदान हात तरी हलतात. या मुलाला तीन आठवडे नुसती लाज वाटत होती, आणि त्या लाजेच्या आड खरी चूक दडून बसली होती. तांत्रिक दोष तर त्याला ठाऊकच होते. पाठलागात मुलगी एका शॉटमध्ये डावीकडून उजवीकडे पळते आणि पुढच्यात उजवीकडून डावीकडे, म्हणजे ती परत फिरली असं वाटतं. कॅमेऱ्यानं जिच्या एकाच बाजूला राहायचं असतं, ती १८० अंशांची कल्पित रेषा ओलांडली गेली होती. तेही त्यानं मला शांतपणे सांगितलं. त्याबद्दल त्याला झोप न लागण्याइतकं काही वाटत नव्हतं. आतून टोचत होती ती मैत्रिणीला म्हटलेली 'नको, हात लावू नकोस' ही चार शब्दांची गोष्ट. विश्वास टाकता आला नाही, ही.

मी त्याला एक छोटं काम दिलं. फिल्म पाहिलेल्या तिघांना विचारायचं, 'काय लक्षात राहिलं?' याला आधार म्हणून मी त्याला एक प्रयोग सांगितला होता. थॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलेला. विद्यार्थ्याला ओशाळवाणं वाटेल असं चित्र छापलेला टीशर्ट घालून लोक बसलेल्या खोलीत पाठवलं आणि नंतर विचारलं, किती जणांच्या लक्षात आलं असेल? विद्यार्थ्यांचा अंदाज साधारण निम्म्यांचा होता. प्रत्यक्षात पाव जणांच्याच लक्षात आलं होतं. आपल्यावर रोखलेला प्रकाशझोत आपल्याला वाटतो तेवढा प्रखर नसतो.

उत्तरं घेऊन आला. एकाला हसणं आठवत होतं, आणि ते त्यानं स्पष्ट सांगितलं. हे ऐकून बरं वाटलं नाही, पण आभाळही कोसळलं नाही. दुसऱ्यानं विचारलं होतं, "ती मधेच उलटी का पळाली?" तिसरी म्हणाली, "तलवारींचा आवाज कुठून आणलास?" तलवारी लाकडाच्या, चंदेरी रंगवलेल्या. आवाज होता दोन स्टीलच्या उलथन्यांचा. रात्री घरात सगळे झोपल्यावर बाथरूममध्ये एकमेकांवर घासून रेकॉर्ड केलेला. वार जिथे लागतो तिथे आवाज तीन फ्रेम आधी ठेवला होता, कारण बरोबर जागी ठेवला की तो उशिरा आल्यासारखा वाटत होता. हे त्यानं मला दहा मिनिटं समजावून सांगितलं, हातवारे करून. त्याच्या लिखाणात मात्र या उलथन्यांचा उल्लेखच नव्हता.

त्याचा आधीचा मसुदा मी वाचला. "वेळ आणि साधनं कमी असल्यामुळे काही त्रुटी राहिल्या, तरी या प्रकल्पातून मला टीमवर्क, संयम आणि वेळेचं नियोजन अशा खूप गोष्टी शिकायला मिळाल्या." असं वाक्य कुठल्याही मुलाच्या कुठल्याही प्रकल्पाखाली चिकटवता येतं. त्यात ना चूक सापडते, ना उलथनी. मी त्याला सांगितलं, प्रत्येक परिच्छेदात एक शॉट असू दे. तिथे तू काय ठरवलंस, तसं का ठरवलंस, पडद्यावर काय उमटलं आणि आज काय करशील. ग्रॅहम गिब्ज यांनी १९८८ मध्ये आत्मपरीक्षणाच्या ज्या पायऱ्या सांगितल्या, त्यांत 'काय घडलं'च्या लगेच पुढे 'काय वाटलं' येतं. मूल्यमापन त्यानंतर. मुलं मधली पायरी गाळतात, ती परीक्षेच्या कागदाला शोभत नाही असं समजून. पण ती गाळली की पुढचं सगळं पोकळ होतं, असा माझा अनुभव आहे.

त्यानं नव्यानं लिहिलेला परिच्छेद त्याच्या परवानगीनं देते:

"गायब होण्याच्या शॉटमध्ये पार्श्वभूमी उडी मारते, कारण मी दोन तुकड्यांच्या मध्ये कॅमेऱ्याला हात लावला. रेकॉर्डिंग थांबवायची गरजच नव्हती. कॅमेरा चालू ठेवून मुलगी बाहेर जातानाचा भाग संकलनात कापता आला असता. मी थांबवलं, कारण मला लगेच तपासायचं होतं आणि दुसऱ्या कुणाच्या हातात कॅमेरा द्यायची भीती वाटत होती. मी सुरुवातीला संकलन शिकलो, मग आवाज शिकलो. काम वाटून द्यायला या प्रकल्पात शिकलो नाही. पुढच्या वेळी ज्या शॉटमध्ये मी अभिनय करीन, त्यात कॅमेऱ्यामागे मी नसेन."

'शिकलो नाही' हे शब्द ठेवायचे की नाही यावर आम्ही बराच वेळ बोललो. त्याला वाटत होतं, परीक्षक याला कमजोरी म्हणतील. प्रश्न कौशल्य कसं वाढत गेलं हा आहे, मी म्हटलं. कुठवर वाढलं आणि कुठे अडलं, हे दोन्ही सांगितल्याशिवाय त्याचं उत्तर पुरं कसं होणार? मार्कांची हमी मी देऊ शकत नव्हते, दिलीही नाही. त्यानं शब्द ठेवले.

वाचणाऱ्या पालकांसाठी एक गोष्ट मधेच सांगते. या मुलाची झोप, भूक, मित्र, सगळं जागेवर होतं. टाळाटाळ एका फाइलपुरती होती. दोन आठवड्यांहून अधिक काळ मूल सतत उदास असेल, आवडीच्या सगळ्याच गोष्टींतून मन उडालं असेल, झोप-जेवण बिघडलं असेल, किंवा 'मी नसलो तर बरं' असं काही बोलत असेल, तर तो प्रकल्पाचा प्रश्न राहत नाही. तेव्हा वाट पाहू नका, डॉक्टरांना भेटा.

शेवटच्या भेटीत मी त्याला विचारलं, "हा परिच्छेद तिनं वाचलाय?"

नव्हता वाचला. तीन आठवड्यांत तो तिच्याशीही जेमतेम बोलला होता. वर्ग हसला तेव्हा पडद्यावर तीही होती, चेहरा तिचाही होता, हे त्याच्या तेव्हा ध्यानात आलं. चार दिवसांनी त्याचा फोन आला. लिखाण दिलं होतं. परिच्छेद त्यानं तिला फोनवर वाचून दाखवला होता.

"काय म्हणाली?"

"आधी काहीच नाही. मग म्हणाली, अरे, नुसतं सांगायचंस तरी. ट्रायपॉड धरून बसले असते मी."