तळघरातलं थिएटर: आधी खोली, मग खोकी

मागच्या अंकात घरच्या थिएटरबद्दल ओझरतं लिहिलं आणि पत्रांचा ढीगच आला. त्यातली चार घेतोय. पहिल्याचं उत्तर लांबलंय कारण त्यात सगळंच आहे, ओल, खांब, पोरं, बजेट, वरती झोपणारं बाळ.

प्रश्न: काका, आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. बेसमेंट अजून कच्चंच आहे, काँक्रीटच्या भिंती, मधोमध लोखंडी खांबांची रांग, एका कोपऱ्यात फर्नेस (घर गरम करणारी गॅसची भट्टी) आणि वॉटर हीटर. खांबांपासून भिंतीपर्यंत २२ बाय १४ फूट जागा मिळते, वरच्या जॉइस्टपर्यंत (छताच्या आडव्या तुळयांपर्यंत) उंची ७ फूट ९ इंच. १२० इंची पडदा, रिक्लायनरच्या दोन रांगा आणि ॲटमॉस (छतातूनही आवाज येणारी साउंड सिस्टिम) करायचंय, बजेट तीस हजार डॉलर. मधला एक खांब काढता येईल का? २०२१ ला आयडा वादळात खाली दोन इंच पाणी आलं होतं पण त्यानंतर टिपूसही नाही. वर बाळाची खोली आहे. प्रोजेक्टर कुठला घेऊ?

उत्तर: प्रोजेक्टर सगळ्यात शेवटी घ्यायचा, आत्ता त्याचं नावही काढू नका. तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंय, ते दोन इंच पाण्याचं. "त्यानंतर नाही" याचा अर्थ तेवढा पाऊस त्यानंतर झाला नाही एवढाच होतो. कार्पेट, ड्रायवॉल (भिंती-छताला मारायचे जिप्समचे बोर्ड) आणि रिक्लायनर टाकल्यावर तेच दोन इंच आले तर अख्खी खोली उकिरड्यावर जाईल. त्यामुळे आधी बाहेर जाऊन बघा, छताच्या पन्हाळीचं पाणी कुठे पडतं, भिंतीच्या पायाशीच पडत असेल तर पाइप लांब न्या, मातीचा उतार घराकडे असेल तर तो उलटा करून घ्या. सम्प पंप (तळघरातल्या खड्ड्यात साचलेलं पाणी बाहेर फेकणारा) असेल तर त्याला बॅटरी बॅकअप लावा, कारण वादळात वीज जाते आणि पंप नेमका तेव्हाच लागतो. आणि इन्शुरन्सवाल्याला स्पष्ट विचारा, नेहमीच्या पॉलिसीत पुराचं पाणी किंवा सम्प उलटून आलेलं पाणी बहुतेक वेळा धरलेलं नसतं, वेगळं घ्यावं लागतं.

मग एक फुकटची टेस्ट करा. दोन फूट बाय दोन फूट प्लास्टिकचा तुकडा फरशीवर चारी बाजूंनी टेपने चिकटवा आणि एक-दोन दिवस तसाच ठेवा. खालून दव धरलं किंवा काँक्रीट काळपट झालं तर जमिनीतून ओल येतेय, ती थांबल्याशिवाय कार्पेट नाही. रेडॉनचं किटही आत्ताच लावा. तो वायू जमिनीतून येतो, दिसत नाही, वास नाही, आणि अमेरिकेत सिगरेटनंतर फुप्फुसाच्या कॅन्सरचं दुसऱ्या नंबरचं कारण तोच आहे. लिटरमागे ४ पिकोक्युरी किंवा जास्त आला तर पंखा-पाइप बसवून घ्यायचा, आणि ते काम उघड्या फरशीत जितकं सोपं आहे तितकं नंतर नाही.

खांब. अहो, अख्खं घर त्या बीमवर आणि बीम त्या खांबांवर उभा आहे! काढता येतो, पण स्ट्रक्चरल इंजिनिअर, मोठा स्टीलचा बीम, खांबाखाली नवीन पाया, म्हणजे थिएटरचे निम्मे पैसे खांब "नसण्यावर" गेले. त्यापेक्षा खांबांच्या रेषेतच पार्टिशनची भिंत घ्या. खांब भिंतीच्या पोटात जातील, तुमची २२ बाय १४ ची खोली जशीच्या तशी राहील आणि ते खांब तिथे होते हे कुणाला सांगूनही पटणार नाही. फर्नेसची खोली मात्र आवाज येतो म्हणून हवाबंद करू नका हं, गॅसला जळायला हवा लागते, ती कोंडली तर जीवाशी खेळ. त्या भागाचं डिझाइन एचव्हीएसीवाल्याला (हीटिंग-एसीचं काम करणाऱ्याला) विचारूनच.

परमिट काढा, शेजाऱ्याने काढलं नाही म्हणून आपण नाही असं नको. राहण्याजोग्या बेसमेंटला साधारण ७ फूट उंची आणि आगीच्या वेळी बाहेर पडायला खिडकी किंवा दार लागतं. थिएटर म्हटलं की लोक पहिली खिडकीच बुजवायला निघतात! बुजवू नका, जाड काळा पडदा लावा.

आता भिंती. काँक्रीटला थेट फायबरग्लास चिकटवून वर प्लास्टिक मारायची जुनी पद्धत आहे, त्यात ओल मध्येच अडकते आणि दोन वर्षांत कुबट वास सुटतो. आधी ती निळी किंवा गुलाबी कडक फोमची शीट काँक्रीटला लावा, सांधे टेपने बंद करा, मग पुढे लाकडी फ्रेम. फ्रेमची खालची पट्टी प्रेशर ट्रीटेड (ओलीने कुजू नये म्हणून औषध मुरवलेल्या) लाकडाचीच, आणि ड्रायवॉल फरशीपासून अर्धा इंच वर ठेवा.

बाळाच्या खोलीसाठी. भिंतीला फोमचे चौकोन चिकटवले की आवाज बाहेर जात नाही हा समज कुठून आलाय देव जाणे. फोम खोलीतलं घुमणं कमी करतो, आवाज अडवत नाही. अडवायला लागतं वजन, आणि हलणारा भाग सुटा करणं. जॉइस्टला रबरी क्लिप, त्यात पत्र्याचा चॅनल, त्यावर पाच-अष्टमांश इंची ड्रायवॉलचे दोन थर आणि दोन थरांमध्ये डँपिंगचा (कंप जिरवणारा) चिकट पदार्थ, वर जॉइस्टच्या मधे साधं इन्सुलेशन. यात जवळपास ३ इंच उंची जाते, म्हणजे तुम्हाला साडेसात फूट उरतील, चालेल. पण एवढं करून छताला आठ गोल दिव्यांची भोकं पाडली तर सगळं पाण्यात, त्यापेक्षा भिंतीवरचे दिवे घ्या. छतातल्या स्पीकरांच्या मागे बंद पेटी करून घ्या. दार भरीव लाकडाचं आणि चारी बाजूंनी सील, खाली बोटभर फट राहिली तरी बाकीची मेहनत फुकट. आणि हवेचा डक्ट विसरू नका, बाळाच्या खोलीला आणि थिएटरला एकच सरळ डक्ट असेल तर तो टेलिफोनच आहे. एवढं करूनही बासची धडधड पूर्ण थांबत नाही, हे वहिनींना आधीच सांगून ठेवा.

दोन रांगांचं. १२० इंची पडदा म्हणजे ८ फूट ९ इंच रुंद, जवळपास ४ फूट ११ इंच उंच. साधारण १२ फुटांवर बसलात की डोळ्यात ४० अंश भरतो, थिएटरात मधल्या रांगेत बसल्यासारखं. पण मागची रांग १२ इंचांच्या चौथऱ्यावर घेतली तर उभ्या माणसाला वर फक्त साडेसहा फूट मिळतात, म्हणजे तुमचा उंच मेहुणा टाळू आपटून घेणार, आणि मी हिशोब करून बघितला, पडद्याचा खालचा काठ दोन फुटांवर ठेवलात तर मागच्या लोकांना तळाचे पाच-सहा इंच पुढच्यांच्या डोक्यामागे जातात, म्हणजे सबटायटलच गेली! त्यापेक्षा पुढे चार रिक्लायनर आणि त्यांच्या पाठीमागे बारसारखा उंच ओटा नि स्टूल. पोरं तसंही रिक्लायनरवर बसत नाहीत, लोळतात. शिवाय मागची भिंत कानाला चिकटली की बास नुसता गुरगुरतो.

बासचं थोडं गणित सांगतो. ११३० ला (आवाजाचा सेकंदाला फुटांतला वेग) खोलीच्या फुटांतल्या लांबीच्या दुपटीने भागलं की कुठला सूर त्या दिशेत घुमणार ते कळतं. तुमच्याकडे लांबीत २६ हर्ट्झ, रुंदीत ४०, उंचीत ७५. तिन्ही वेगवेगळे, नशीबवान आहात. एकाऐवजी दोन मध्यम सबवूफर (फक्त बास वाजवणारे स्पीकर, थोडक्यात सब) घ्या, समोरासमोरच्या भिंतींच्या मधोमध ठेवून बघा, चार खुर्च्यांना बराच सारखा बास मिळतो. किंवा सब तात्पुरता खुर्चीच्या जागी ठेवा, बासचं गाणं लावा आणि स्वतः भिंतीकडेने रांगत जा, जिथे बास स्वच्छ ऐकू येतो ती सबची जागा. दार लावून करा, माझा रांगतानाचा व्हिडिओ अजून फॅमिली ग्रुपवर फिरतोय.

ॲटमॉससाठी आज वायर ७.१.४ ची टाका (भोवतीचे सात स्पीकर, सबचा एक चॅनल, छतातले चार) आणि स्पीकर ५.१.२ चे घ्या, उरलेले स्पीकर दोन वर्षांनी. वायर भिंतीत जाण्यासाठी रेटेड हवी. आणि प्रोजेक्टरपर्यंत दीड इंची रिकामा पाइप, आत ओढायला दोरी. हे कळकळीने सांगतोय कारण मी स्वतः ओहायोतल्या घरात एचडीएमआय केबल थेट ड्रायवॉलच्या आत पुरली होती, फोर-के आलं, त्या केबलला ते झेपेना, आणि रंगवलेली भिंत करवतीने कापताना बायको दारात उभी राहून काही बोलली नाही. ते न बोलणं फार लागतं.

आणि आता प्रोजेक्टर. पडद्याचं क्षेत्रफळ जवळपास ४३ चौरस फूट, सिनेमागृहाचा दंडक १६ फूट-लँबर्ट (पडद्यावर दिसणाऱ्या उजेडाचं माप), म्हणजे साध्या पांढऱ्या पडद्याला प्रोजेक्टरमधून ६८० च्या आसपास ल्युमेन उजेड पुरतो. एचडीआरला (जास्त झगझगीत उजेड दाखवणाऱ्या चित्राला) जास्त ल्युमेन हवेत, दिवा जुना होतो, सगळं धरून दुप्पट घ्या. बॉक्सवरच्या तीन-चार हजारांच्या आकड्याला भुलू नका, तो बहुतेक हिरवट, बघवत नाही अशा मोडचा असतो. काळा रंग किती काळा दिसतो ते बघा. आणि छत-भिंती पांढऱ्या ठेवल्यात तर पडद्याचाच उजेड परत पडद्यावर येतो, तेव्हा गडद आणि बिनचमकीचा रंग. तीस हजारांतले निम्मे खोलीवर गेले तरी हळहळू नका. प्रोजेक्टर पाच-सात वर्षांनी बदलाल, भिंती नाही.

प्रश्न: नाशिकला बंगल्याचं काम चालू आहे, तळघर १८ बाय १८ फूट. आर्किटेक्ट म्हणतात एकदम परफेक्ट चौकोन आहे, थिएटरला मस्त. सासऱ्यांना नाट्यगीतं ऐकायचीत, मुलांना क्रिकेट. काय काळजी घ्यावी?

उत्तर: ताई, चौकोन फ्लॅटच्या हॉलला परफेक्ट, आवाजाला नाही. लांबी-रुंदी सारखी म्हणजे दोन्हीकडे एकच सूर, तुमच्याकडे ३१ हर्ट्झ आणि त्याच्या पटीतले, एकावर एक चढतात आणि तबल्याचा बायाँ नुसता घूंऽऽ करत राहतो. उपाय सोपाय, एका बाजूपासून ५ फूट आत आडवी भिंत टाका, मागे ॲम्प्लिफायर, इन्व्हर्टर, घरातली अडगळ. खोली १८ बाय १३ ची होते आणि पंख्याचा आवाजही पलीकडे राहतो.

पण त्याच्या आधी पाणी. आत्ता काम चालू आहे म्हणजे संधी आहे, बाहेरून वॉटरप्रूफिंग करून घ्या. आपल्याकडची शहाबादी फरशीची बॉक्स टाइप पद्धत अजूनही भरवशाची आहे, पण भिंतीबाहेर माती भरायच्या आधीच ती होते, नंतर आतून कितीही केमिकल फासलं तरी पाणी बाहेरून ढकलतच राहतं. कॉन्ट्रॅक्टर "आतून करू ना मॅडम" म्हणेल. नाही म्हणा. आणि पूर्ण एक पावसाळा जाऊ द्या, भिंतीला पोपडे येतात का, पांढरा क्षार फुटतो का ते बघा, मगच प्लाय आणि कापड. एवढा धीर धरवत नाही कुणाला, मला माहितीय.

सासऱ्यांसाठी समोरचे डावे-उजवे स्पीकर चांगले घ्या, बाकीच्यांत काटकसर केली तरी चालेल. बाजूच्या भिंतीवर कुणीतरी आरसा सरकवत न्यायचा, खुर्चीतून आरशात स्पीकर जिथे दिसतो तिथे घनमीटरला ४८ किलो घनतेच्या रॉकवूलचं (दगडी तंतूंच्या इन्सुलेशनचं) कापडी पॅनल लावायचं, गाणाऱ्याचे शब्द लगेच सुटे होतात. सगळ्याच भिंती मात्र कापडाने मढवू नका, गाणं मेल्यासारखं वाटतं. क्रिकेटला पोरं दिवा लावणार, तेव्हा मागचे दिवे वेगळ्या बटणावर, पडद्याजवळचे वेगळ्या. आणि एसीबरोबर ताज्या हवेची सोय हवीच, साधा एसी तीच हवा फिरवतो, बंद तळघरात दहा जण मॅच बघत बसले तर दुसऱ्या इनिंगला सगळे जांभया देतात, त्यात बॅटिंगचा दोष नसतो.

प्रश्न: सांगलीहून. अंड्यांचे ट्रे भिंतीला लावले तर शेजाऱ्यांना आवाज जाणार नाही ना?

उत्तर: जाईल. ट्रेला वजनच नाही, तो काय अडवणार. आतला चिरका आवाज किंचित कमी होतो तेवढंच, आणि पुठ्ठा आहे, वायरिंगची एक ठिणगी पुरे. त्याऐवजी दार आणि खिडकीच्या फटी रबरी पट्टीने बंद करा, शेजारी निम्मे तिथेच खूश होतील.

प्रश्न: पुण्याहून. नवीन सबवूफर सतत घुं घुं करतो. कंपनीचा माणूस दोनदा बदलून गेला, तरी तेच.

उत्तर: सब ठीक असेल. केबल टीव्हीची गोल वायर सेट-टॉप बॉक्समधून काढून बघा, घुं थांबलं तर ग्राउंड लूप आहे, म्हणजे केबलवाल्याची अर्थिंग एक आणि तुमची दुसरी, आणि मधून ५० हर्ट्झ फिरतंय. सगळी उपकरणं एकाच बोर्डवरून घ्या, केबलच्या वायरला आयसोलेटर (दोन अर्थिंगची जोडणी तोडणारी छोटी डबी) लावा. कुणी इलेक्ट्रिशियन प्लगची तिसरी जाड पिन तोडून "झालं बघा बंद" म्हणाला तर त्याला चहा पाजून घरी पाठवा, आवाज थांबेल पण उद्या ॲम्प्लिफायरच्या पत्र्याला हात लावल्यावर शॉक तुम्हाला बसेल. पिन शाबूत ठेवून, आयसोलेटर लावूनही घुं राहिलंच तर बोर्डची अर्थिंग तपासून घ्या आणि मला कळवा.