एकच मूल हवे असेल तर सीझर मागावे का?

प्रश्न : मी २९ वर्षांची असून सातवा महिना चालू आहे. आम्हा दोघांना एकच मूल हवे आहे. कळांची फार भीती वाटते, म्हणून तारीख ठरवून सीझर करून घ्यावे असे मनात आहे. सासूबाई म्हणतात, सीझर वाढले म्हणूनच हल्लीच्या बायका एका मुलावर थांबतात. काय करावे?
— एक वाचक, सांगली

उत्तर : सासूबाईंची शंका आधी घेऊ. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात दर स्त्रीमागे मुलांची सरासरी १९९२-९३ मध्ये २.९ होती आणि २००५-०६ पर्यंत ती २.१ वर आली. सीझरचे प्रमाण तेव्हा आजच्या निम्म्याच्या आसपास होते. २०१९-२१ मध्ये ही सरासरी १.७ झाली आणि सीझर २५ टक्क्यांवर गेले. मुलींचे शिक्षण, उशिराची लग्ने आणि नसबंदी (तीही बहुतेक बायकांचीच!) यांनी घरे लहान केली, सीझरने नव्हे. उलटा संबंध मात्र नक्की दिसतो. मूल एकच होणार म्हटले की घरच्यांना आणि डॉक्टरांनाही जरासुद्धा जोखीम नको असते.

आता तुमचा प्रश्न. सीझरचा मोठा धोका बहुतेक वेळा पुढच्या गरोदरपणात समोर येतो. गर्भाशयावरच्या जुन्या व्रणावर वार (नाळेतून बाळाला पोसणारा अवयव) चिकटून आत रुजली, तर प्रसूतीनंतर ती सुटत नाही, प्रचंड रक्तस्राव होतो आणि कधी गर्भाशयच काढावे लागते. दर सीझरगणिक हा धोका वाढतो. दुसरे मूल नकोच असेल तर ही हरकत पुष्कळशी गळून पडते, हे मान्य करायला हवे. पण पहिले मूल शाळेत जाऊ लागल्यावर विचार बदललेली जोडपी दवाखान्यात नेहमी येतात, म्हणून ‘एकच’ हा शब्द आज पक्का धरून चालू नका. एका सीझरनंतर नॉर्मल प्रसूतीचा प्रयत्न योग्य निवड केल्यास शंभरातल्या साठ ते ऐंशी जणींत यशस्वी होतो, मात्र सुमारे दोनशेत एकीचा व्रण उसवू शकतो, त्यामुळे तो प्रयत्न शस्त्रक्रियेची तयारी असलेल्या रुग्णालयातच करावा.

तुमची खरी अडचण भीतीची दिसते आणि तिच्यावर सीझर हाच एक उपाय नाही. पाठीतून दिलेल्या एपिड्युरल भुलीने कळांची वेदना बरीच कमी होते; त्यासाठी तुमच्या रुग्णालयात भूलतज्ज्ञ रात्रीही असतात का, हे आजच विचारा. वेदना सीझरमध्येही टळत नाहीत, त्या नंतर येतात. दुसऱ्या दिवशी टाक्यांवर हात दाबून पलंगावरून उतरताना, खोकताना आणि रडणारे बाळ उचलताना त्या कळतात.

हे सारे समजून घेऊनही तुम्हाला सीझरच हवे असेल, तर ते मागणे गैर नाही. संमतीही तुमचीच लागते, सासरच्यांची नव्हे. माझी अट एकच, की वैद्यकीय कारण नसताना ३९ आठवडे पूर्ण होण्याआधीची तारीख घेऊ नये, पंचांगात मुहूर्त कितीही चांगला असला तरी. त्याआधी काढलेल्या बाळाला श्वासाचा त्रास होऊन अतिदक्षता विभागात ठेवावे लागण्याची शक्यता वाढते. पुढच्या तपासणीला पतींना बरोबर न्या, दुसऱ्या मुलाबद्दलचे तुमचे मत डॉक्टरांना स्पष्ट सांगा आणि कळांच्या वेळी सोबतीला कोणाला आत येऊ देतात, तेही विचारून घ्या.